कारखान्याचे शंभर

आमच्या घरात साखर मोजायची एक पद्धत होती आणि ती मी शोधून काढली होती. लोक मशीनवर आलेला आकडा लिहितात. आम्ही त्यातून शंभर वजा करून लिहायचो. हसू नका. अकरा वर्षं ही पद्धत चालली आणि दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी दर खेपेला आमची वही बघून मान डोलावली.

त्याचं असं, की आमचे हे गोळ्यांच्या कारखान्यात पाक करतात. गोळ्या म्हणजे औषधाच्या नव्हेत, चघळायच्या. लिंबाच्या, संत्र्याच्या, अननसाच्या. मोठ्या कढईत साखर उकळायची, थंड पाण्यात थेंब टाकायचा, तो बोटांत धरून बघायचा आणि जमला की आच बंद करायला सांगायचं. कढईला थर्मामीटर लावलेला असतो, पण कारखान्यात त्याच्यापेक्षा यांच्या बोटांवर भरवसा जास्त. म्हणून सगळे यांना पाकमास्तर म्हणतात. संध्याकाळी घरी आले की भुवयांत साखर, कानांमागे साखर, मोज्यांत साखर. नव्या लग्नात माझ्या आईने विचारलं होतं, नवरा कसा आहे गं? मी म्हटलं, चिकट आहे.

अशा माणसाला साखरेच्या आजाराने धरलं तर लोकांना वाटतं, खात असेल बकाबका. पण पाक करणारा गोड खात नाही, त्याला वासानेच शिसारी येते. आजार यांच्या घराण्यातलाच. माझ्या थोरल्या दिरांना होता. त्यांना इन्शुलिनची सुई सुरू झाली आणि दोन वर्षांत पाय कापावा लागला. पाय सुईने जात नाही, साखरेने जातो, हे मला आता कळतं. तेव्हा घरात सगळे एवढंच म्हणायचे, सुई लागली आणि दादा संपले. बोटाला टोचायचं यांना काही वाटत नसे, पण इन्शुलिनचं नाव काढलं की हे उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

अकरा वर्षांपूर्वी आजार निघाला तेव्हा आम्ही साखर मोजायचं छोटं मशीन आणलं. पहिल्याच दिवशी यांनी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बोट टोचून बघितलं, आकडा आला चारशे बारा. माझं तर धाबंच दणाणलं. तशीच यांना लॅबमध्ये घेऊन गेले, तिथे आले तीनशे दहा. लॅबवाल्याने विचारलं, बोट धुतलं होतं का? बोटाला साखर लागलेली असली तर मशीन तीही मोजतं. कोमट पाण्याने साबण लावून हात धुवा, पहिला थेंब पुसून टाका, दुसरा घ्या.

आता सांगा, हे कुणाला जमणार? यांच्या बोटांना भेगा, भाजल्याचे डाग, नखांत बारा महिने साखर. साबण लागला की चरचरणार. कारखान्यात कोमट पाणी कुठून आणायचं? मी घरी येईपर्यंत डोक्यात वजाबाकी केली होती. चारशे बारातून तीनशे दहा गेले, उरले शंभराच्या आसपास. ते शंभर यांचे नव्हेत, कारखान्याचे. मग भानगड कशाला, शंभर वजा करायचे की झालं. लेक तेव्हा शाळेत होती, ती म्हणाली, आई, तू गणितात पहिली यायला हवी होतीस. मला केवढा अभिमान वाटला होता.

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हे कारखान्यात मोजायचे. मला रक्त बघवत नाही, म्हणून घरी नाही. संध्याकाळी मशीन टेबलावर ठेवायचे. मी बटण दाबून आकडा बघायचे, शंभर वजा करून वहीत लिहायचे आणि म्हणायचे, "बघा, काही झालेलं नाही तुम्हाला." हे हसायचे. वर्षातून एकदा डॉक्टर उपाशीपोटी रक्त तपासायला सांगायचे, तर त्याआधी आठ दिवस हे उकडलेल्या पाल्यावर राहायचे, आणि तेही निभायचं. बाकी डॉक्टर वहीवरच चालायचे. एवढी नेटकी वही माझ्या दुसऱ्या कुठल्याच पेशंटची नाही, म्हणायचे. मी घरभर सांगत सुटायचे.

मग ती साथ आली. कारखाना चालू होता, कारण खायच्या वस्तू बनवणारे कारखाने चालू होते. एका बुधवारी वेष्टण विभागातले चार जण तापाने पडले आणि कारखान्याला कुलूप लागलं. गुरुवारी हे खोकायला लागले. शुक्रवारी कोविड असल्याचा कागद हातात आला.

मी घाबरट बाई नाही. पण तो कागद मी घडी करून देवामागे ठेवला आणि परत परत काढून वाचत राहिले. आजूबाजूला काय चाललंय ते ऐकत होतोच. समोरच्या इमारतीतले शिक्षक, दांडगा माणूस, साखरेचा आजार, पाच दिवसांत गेले. त्यांची बायको, काडीएवढी, ती नुसत्या सर्दीवर सुटली. जो तो तेच सांगत होता, साखर असेल तर जपा. जपा म्हणजे काय करा, हे कुणी सांगत नव्हतं.

हॉस्पिटलात खाटा नव्हत्या. घरीच राहा, असं ठरलं आणि आम्हाला फोनवर एक डॉक्टर दिली. आवाजावरून माझ्या लेकीएवढी असेल. घाईत असायची, पण एकदाही खेकसली नाही. पहिल्याच दिवशी तिने नीट समजावलं.

"काकू, साखर जास्त असली की या आजाराशी लढायची ताकद कमी पडते. फुप्फुसाला सूज जास्त येते, रक्तात गुठळ्या होतात. आणि उलट हा आजार साखर वाढवतो. दोघं एकमेकांना हात देतात. म्हणून मला रोज सकाळ-संध्याकाळ तीन आकडे हवेत. ताप, ऑक्सिजन, साखर. ऑक्सिजन चौऱ्याण्णवच्या खाली गेला किंवा साखर तीनशेच्या वर गेली की कितीही वाजलेले असोत, मला फोन करायचा."

"आमची साखर ताब्यात असते," मी म्हटलं. "वही आहे माझ्याकडे. अकरा वर्षांची."

"वा, मग निम्मी काळजी मिटली," ती म्हणाली.

तिच्या त्या वाक्यावर मी दोन दिवस काढले.

हे मागच्या खोलीत. त्या खोलीला लागून बाथरूम आहे, म्हणून तिथे. दाराबाहेर मी एक स्टूल ठेवलं. त्याच्यावर मी जेवण ठेवायचे, दार वाजवायचे आणि स्वयंपाकघरात पळायचे. हे ताटली आत घ्यायचे आणि आकडे द्यायच्या वेळेला मशीन स्टुलावर ठेवायचे. मी चिमट्याने उचलावं तसं ते मशीन उचलायचे, पुसायचे, बटण दाबायचे. पहिल्या दिवशी आकडा आला दोनशे अठ्ठ्याण्णव. मी फोनवर सांगितलं, एकशे अठ्ठ्याण्णव. दुसऱ्या दिवशी तीनशे सव्वीस. सांगितलं, दोनशे सव्वीस. मला त्यात विचार करावा लागला नाही. अकरा वर्षांची सवय होती. नळ बंद करताना कुणी विचार करतं का?

लेक दुसऱ्या गावात, तिच्या बाळाला घेऊन अडकलेली. दिवसातून चारदा फोन. "बाबांची साखर?" विचारायची. मी वजा केलेला आकडा सांगायचे आणि तिचा श्वास सुटलेला मला ऐकू यायचा. दाराच्या आतून हेही विचारायचे, "किती सांगितलंस गं?"

"दोनशे सव्वीस. काही झालेलं नाही तुम्हाला."

आतून काही उत्तर यायचं नाही. मला वाटायचं, खोकला येईल म्हणून बोलत नसतील.

सहाव्या दिवशी ऑक्सिजन त्र्याण्णव झाला. मी बोटावरचं यंत्र दुसऱ्या बोटाला लावायला सांगितलं, मग तिसऱ्या. त्र्याण्णवच. डॉक्टरला फोन लावताना नंबर दोनदा चुकला.

"साखर किती आहे?" तिने सगळ्यात आधी तेच विचारलं.

मशीनवर तीनशे बावन्न होते.

"दोनशे बावन्न," मी म्हटलं.

तिने काहीतरी लिहून घेतलं. मागे दुसरे फोन वाजत होते. "ठीक आहे. खाट मिळेपर्यंत एक गोळी सुरू करू. सूज कमी करते, पण साखर वाढवते. तीनशेच्या वर असती तर घरी ही गोळी दिलीच नसती, काहीही करून आत घेतलं असतं. पण तुमची ताब्यात आहे. सकाळी एक, पोटात काहीतरी असताना. आणि पाणी भरपूर."

मी तिला धन्यवाद दिले. हे मी विसरत नाही. मी तिला तीन-तीनदा धन्यवाद दिले.

गोळीने ऑक्सिजन पंचाण्णव झाला. ताप उतरला. लेक फोनवर रडली, आनंदाने. मीही जरा भिंतीला टेकून बसले. पण हे बरे वाटत नव्हते. पाणी मागायचे. तांब्या भरून ठेवला की तासाभरात रिकामा स्टुलावर. सारखं बाथरूमचं दार वाजायचं. डॉक्टरनेच भरपूर पाणी सांगितलंय, मी मनाची समजूत घालत होते. माणसाला हवं ते कारण सापडतं. मला तर भराभर सापडत होती.

आठव्या दिवशी सकाळी मशीनवर तीनशे एकोणनव्वद. मी सांगितलं, दोनशे एकोणनव्वद. डॉक्टर म्हणाली, "काठावर आहे. साखरेची एक गोळी वाढवा आणि दुपारी परत बघा." मला तीनशेच्या आतला आकडा बघून बरं वाटलं होतं. काठ म्हणजे अजून आत.

दुपारी सूप ठेवलं, दार वाजवलं, स्वयंपाकघरात गेले. वळून बघितलं तर दार उघडलं नव्हतं. परत वाजवलं. हाक मारली, "अहो." आतून श्वासाचा आवाज येत होता. चार जिने चढून आलेला माणूस जसा खोल खोल श्वास घेतो, तसा. पण हे तर अंथरुणात होते.

मी पदर तोंडावरच्या मास्कवरून आणखी एकदा गुंडाळला आणि दार ढकललं.

हे कुशीवर पडले होते, डोळे अर्धे उघडे. जीभ कोरडी, ओठांवर पांढरी साय. मी जवळ वाकले आणि मला वास आला. मास्कमधून, पदरातून वास आला. गोडसर, पिकून उतरलेल्या फळाचा. अननसाच्या गोळ्यांचा घाणा लागायचा त्या दिवशी यांच्या कपड्यांना यायचा तसा.

आणि खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. अठ्ठावीस वर्षं हा वास रोज संध्याकाळी दारातून आत आला होता. वाटलं, चला, आपला माणूस आपल्या वासात परत आला.

मग मी तिथेच उभी राहिले. कारखान्याचा वास आला कुठून? कारखान्याला कुलूप लागून नऊ दिवस झाले होते. यांचे कामाचे कपडे मी त्याच दिवशी उकळून वाळत घातले होते. चादर दोनदा बदलली होती. हे रोज ओल्या फडक्याने अंग पुसत होते. या खोलीत कारखान्याचं काहीही नव्हतं. भुवयांत साखर नव्हती, कानांमागे नव्हती.

बोटांनाही नव्हती.

नऊ दिवस बोटांना साखर नव्हती, तर मी रोज वजा काय करत होते?

भीती काय असते ते मला तोवर ठाऊक होतं असं वाटायचं, पण ती दुसऱ्याची भीती होती, आजाराची, बाहेरून आलेली. ही माझ्या हातची होती. मी पळत जाऊन पाणी कोमट केलं, साबण आणला, यांचा हात तसराळ्यात धरून धुतला, पुसला, परत धुतला. पहिल्यांदा टोचलं ते नखालाच लागलं. रक्त आलं तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. पहिला थेंब पुसला. दुसरा पट्टीला लावला. मशीनने उलटे आकडे मोजले आणि आकडा आलाच नाही. त्याच्या जागी दोन इंग्रजी अक्षरं आली. अक्षरांतून शंभर कसे वजा करायचे ते मला येत नव्हतं.

डॉक्टरने तिसऱ्या रिंगला फोन उचलला.

"मशीनवर आकडा नाही," मी म्हटलं. "दोन इंग्रजी अक्षरं आहेत. एच आणि आय."

"म्हणजे सहाशेच्या पुढे. मशीनला मोजता येत नाही. काकू, सकाळी तर तुम्ही दोनशे एकोणनव्वद सांगितलीत."

तेव्हा मला गप्प बसता आलं असतं. एकदम वाढली असेल, असं म्हणता आलं असतं, आणि तिने मानलंही असतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. पण हे श्वास घेत होते आणि प्रत्येक श्वास शेवटचा वाटत होता. "मी शंभर वजा करून सांगत होते," मी म्हटलं.

"काय?"

"रोज. मशीनवर तीनशे एकोणनव्वद होते. बोटांना कारखान्याची साखर असते म्हणून आम्ही शंभर वजा करतो."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं."

ती ओरडली असती तर मला सोसलं असतं. पण तिचा आवाज एकदम बदलला, कोरडा आणि भराभर झाला. श्वासाला वास येतोय का? फळासारखा? श्वास खोल आहे? हाक मारल्यावर ओळख देतात? मी हो, हो, थोडीशी, म्हणत गेले. "रक्तात आम्ल झालंय. ऑक्सिजनसाठी नाही, यासाठी खाट मागते, ती मिळेल. दाराशी गाडी येईल. एकटं सोडू नका. आणि काकू, तिथे आकडे तुम्ही सांगायचे नाहीत. मशीनच हातात द्या."

पांढऱ्या पोशाखातले दोघे आले आणि यांना चादरीसकट उचलून घेऊन गेले. त्यांचे चेहरे दिसत नव्हते. मी त्यातल्या एकाच्या हातात मशीन दिलं. मला गाडीत बसू दिलं नाही. माझा घसा दोन दिवस धरला होता, मलाही ते होतंच. मी खिडकीतून गाडी वळेपर्यंत बघत राहिले. यांच्या चपला दारात होत्या, त्या कुणी घेतल्या नाहीत, आणि मला सारखं तेच वाटत होतं, की चपला न घेता गेलेला माणूस परत कसा येणार.

मला त्या आजाराने फारसं काही केलं नाही. चार दिवस अंग दुखलं, झालं. समोरच्या शिक्षकांच्या बायकोसारखी मीही सुटले. मला याची लाज वाटायची. मी देवाशी भांडले, म्हटलं, मोजायला चुकले मी आणि नळ्या त्यांना.

वॉर्डातून दिवसातून एकदा फोन यायचा. फोन वाजला की मी आधी खुर्चीवर बसायचे आणि मग उचलायचे. पहिले तीन दिवस फोनवरचा माणूस "अजून सांगता येत नाही" एवढंच म्हणायचा. लेकीला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "आई, तू मुद्दाम केलंस का?" मी म्हटलं, नाही. "मग झालं," ती म्हणाली, पण त्या दिवशी तिचा परत फोन आला नाही.

चौथ्या दिवशी वॉर्डातल्या डॉक्टरांनी स्वतः फोन केला. म्हणाले, रक्तातलं आम्ल उतरतंय, ऑक्सिजन अजून लागतोय. मग म्हणाले, "आम्ही एक तपासणी केली. तीन महिन्यांची सरासरी साखर त्यात कळते. तुमच्या मिस्टरांची सरासरी तीनशेच्या जवळ आहे. आजारपणाने झालेली नाही ही, जुनी आहे. एवढ्या साखरेवर कोविड आला की फुप्फुसं अशीच होतात."

"त्या तपासणीत बोटाला लागलेली साखर मोजली जाते का हो?" मी विचारलं.

"नाही. बोटाचा संबंधच नाही. शिरेतलं रक्त असतं."

म्हणजे ते शंभर कारखान्याचे नव्हतेच. नऊ दिवस नव्हेत, किती वर्षं कोण जाणे, ते यांचेच होते. मी वही काढली. नेटकं अक्षर, लाल शाईने आखलेले रकाने. प्रत्येक पानावर मी माझ्या नवऱ्याची साखर खाली आणली होती आणि त्याच्या अंगात ती होती तिथेच होती. मी ती वही उशीखाली ठेवून झोपायला लागले. का ते सांगता येणार नाही. जाळायची हिंमत नव्हती आणि बघायचीही.

यांना काय सांगायचं ते मी एकोणीस दिवस पाठ करत होते. भांडी घासताना, केस विंचरताना. मी म्हणेन, माझं चुकलं. मी म्हणेन, मी तुम्हाला मारायला निघाले होते. हे काय म्हणतील त्याची मला भीती वाटायची, आणि हे काहीच म्हणायला परत आले नाहीत तर, त्याची त्याहून जास्त.

विसाव्या दिवशी हे आले. बारा किलो उतरले होते. गालांची हाडं दिसत होती आणि जिन्यात दोनदा बसले. बरोबर कागदांची थप्पी, आपलं मशीन आणि इन्शुलिनची पेनं. दिवसातून चारदा. वॉर्डात त्यांना सुई घ्यायला शिकवून पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी साखर मोजायची होती. मी ठरवलं होतं, आजपासून सगळं माझ्या डोळ्यांसमोर. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोमट पाण्याचं तसराळं, साबण, स्वच्छ पंचा, कापूस असं मांडलं. म्हटलं, आधी हात धुवायला शिकवते, मग कबुली देते. शिकवता शिकवता बोलणं सोपं जाईल.

हे खुर्चीवर बसले आणि मी काही म्हणायच्या आत हात पाण्यात घातले. साबण तळव्यावर, मग बोटांच्या मधे, मग एकेक नख दुसऱ्या हाताच्या तळव्यावर घासून. पाण्यातून काढले, पंच्याने टिपले, चोळले नाहीत. बोट खाली धरून दोनदा झटकलं, कडेला टोचलं. पहिला थेंब कापसाने पुसला. दुसरा फुगू दिला. पाक बघताना थेंब बोटांत घेतात तितक्या सवयीने.

"वॉर्डात चांगलं शिकवलं," मी म्हटलं.

"वॉर्डात नर्सच मोजायच्या," हे म्हणाले. आवाज अजून फाटका होता. "मला टोचू द्यायच्या नाहीत."

"मग?"

हे थेंबाकडे बघत राहिले. "कारखान्यात कोमट पाणी असतं गं. कढई धुवायला असतंच की."

मला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"पहिल्या वर्षीच एकदा धुऊन बघितलं," हे म्हणाले. "आकडा तसाच आला. परत धुतला, परत तसाच. ठरवलं, आज सांगायचं. संध्याकाळी तू वजा केलंस आणि म्हणालीस, काही झालेलं नाही तुम्हाला. एवढी खूश होतीस. म्हटलं, पुढच्या मंगळवारी सांगू."

"अकरा वर्षं पुढचा मंगळवार आला नाही?"

"सुई लावतील म्हणून घाबरलो. दादाचा पाय दिसायचा." थोडं थांबून म्हणाले, "दाराआड होतो तेव्हाही धूतच होतो. तू फोनवर सांगायचीस ते ऐकू यायचं. वाटायचं, आता ओरडून सांगावं. तोंड उघडायचो आणि भीती वाटायची."

"आणि मला नव्हती वाटत भीती?" मी म्हटलं. मला एवढा राग आला की टेबलावरचा साबण मी मोरीत फेकला. "मी एकोणीस दिवस माझ्या हाताने तुम्हाला मारलं म्हणून जगले. मेला असतात म्हणजे? मी काय सांगितलं असतं पोरीला?"

मी जे पाठ केलं होतं त्यातला एक शब्दही मला आठवेना. झाकली मूठ म्हणतात, आमच्या दोघांचीही झाकलेली होती, आणि मी आपली वर्षानुवर्षं तिच्यावरून हिशेब करत बसले होते.

थेंब सुकत चालला होता. मी पट्टी पुढे केली, त्यांनी बोट लावलं. मशीन मोजायला लागलं. पाच, चार, तीन. तेवढ्यात माझं लक्ष यांच्याकडे गेलं. हे मशीनकडे बघत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते. दर मंगळवारी, दर शुक्रवारी संध्याकाळी टेबलाशी उभे राहून हे असेच बघायचे, आणि मला वाटायचं, किती माया आहे माणसाला.

आकडा आला. माझ्या डोक्याने विचारायच्या आत शंभर वजा केले आणि एकशे एकतीस तयार ठेवले, गोड, नेटके, वहीत लिहायच्या लायक.

"दोनशे एकतीस," मी म्हणाले. आकडा पुरता सांगितला.

यांचा चेहरा पडला. मी त्यांच्याकडे बघून हसले नाही. पेन उचललं, टोपण काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सदरा वर केला, पण सुई पोटापाशी अडून राहिली, म्हणून मी त्यांचा हात धरला, आणि डोळे उघडे ठेवले.